फडताळातला लॅपटॉप जगाला कसा दिसतो?

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. पहाटेची अंघोळ झाली, फराळ झाला, लक्ष्मीपूजन आज करायचं की उद्या यावर घरोघरी पंचांगं उघडून भांडून झालं आणि इंदूर दुपारी जरा आडवं झालं. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या, इतर कंपन्यांना भाड्याने दिलेल्या, कॉम्प्युटरांचं काहीतरी बिनसलं आणि स्नॅपचॅट, कॅनव्हा, सिग्नल, डुओलिंगो अशी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली ॲप्स जगभर एकदम बसली. मग 'इंटरनेट ठप्प' वगैरे मथळे सुरू झाले.

भाऊबीजेला शेजारचे काका आले. चकली मोडता मोडता म्हणाले, "इंटरनेट ठप्प होतं म्हणून राहिले सगळे. पण तुझ्या आत्याची भजनं तर चालू होती. आमच्याकडे हिनं दुपारभर लावून ठेवली होती."

चालू होती, कारण ती भजनं व्हर्जिनियात नव्हतीच. ती आमच्या स्वयंपाकघराबाहेरच्या फडताळात आहेत, वरून दुसऱ्या खणात. खाली पापडाचे डबे, वर जुन्या लग्नपत्रिका आणि मध्ये झाकण मिटलेला एक जुना लॅपटॉप. आत्याच्या भजनी मंडळाच्या चौदा कॅसेटी त्यात उतरवून ठेवल्यात. मंडळातल्या बायका आपापल्या फोनवर एक नाव टाकतात आणि ऐकतात. घरातली वस्तू अशी बाहेर दिसते कशी, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा सगळं बैजवार लिहूनच टाकतो.

सर्व्हर म्हणजे वाढपी

'सर्व्हर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोल्या आणि लुकलुकणारी कपाटं येतात. शब्दाचा अर्थ मात्र पंगतीतला आहे. जो वाढतो तो सर्व्हर. पंगतीत आपण "वरण" म्हणतो, वाढपी वरण वाढतो आणि पुढे जातो. तुमच्या फोनने "अमुक पान दे" म्हटलं की ते पान देणारा कोणताही कॉम्प्युटर हा सर्व्हर. मोठ्या कंपन्यांकडे हजारो वाढपी असतात आणि माझ्याकडे एक, तोही गुडघेदुखीवाला. काम तेच. अट एकच की कोणी कधीही हाक मारली तर तो पंगतीत उभा पाहिजे, म्हणजे चोवीस तास चालू पाहिजे.

वेबचा पहिला सर्व्हरही एका टेबलावरचा कॉम्प्युटरच होता. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी नेक्स्ट कंपनीच्या आपल्या मशीनवर वेब उभं केलं आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये ते जगाला जाहीर केलं. त्या मशीनवर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी होती: हा सर्व्हर आहे, बंद करू नका. मशीन चिठ्ठीसकट जपून ठेवलेलं आहे. आमच्याकडे रंगकाम चाललं होतं तेव्हा रंगाऱ्याने मोबाईल चार्ज करायला लॅपटॉपची पिन काढली आणि मंडळाचा अख्खा गुरुवार बुडाला. त्यानंतर आत्याने स्वतःच्या हाताने कागद चिकटवला: 'बंद करू नये. भजने आहेत.' सर्नची गोष्ट तिला मी नंतर सांगितली.

मशीन नवं घ्यायचं कारण नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ पेलणार नाही असे कितीतरी धडधाकट लॅपटॉप तेव्हापासून घरोघरी पडून आहेत. जेल रोडवरचे दुकानदार त्यांना किलोच्या भावाने बघतात. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्सची डेबियनसारखी एखादी फुकट आवृत्ती टाकली की वाढपी तयार. फक्त झाकण मिटलं तरी झोपू नकोस, हे त्याला सेटिंगमध्ये बजावून ठेवावं लागतं. माझी पहिली रात्र याच एका गोष्टीत गेली. झाकण लावलं की भजन बंद, उघडलं की चालू, आणि मी फडताळापुढे स्टूल टाकून बसलेलो.

नाव वेगळं, पत्ता वेगळा, घर वेगळं

आता नरक चतुर्दशीच्या दुपारी नक्की काय झालं ते बघू. सगळ्या लेखात एवढा एक मुद्दा पक्का डोक्यात बसला तरी चालेल.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. मी 'आकडी पत्ता' म्हणेन. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून आपण नावं वापरतो. नावावरून आकडी पत्ता सांगणारी एक जगभर पसरलेली वही आहे. तिचं नाव डोमेन नेम सिस्टीम, आपण नुसती 'नामवही' म्हणू. सुरुवातीच्या काळात ही वही म्हणजे खरोखरच एक यादी होती. कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत ती ठेवलेली असे आणि सगळे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती यादी आवरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची विभागून ठेवलेली नामवही रचली.

आत्या रामबागेतून राजेंद्रनगरला राहायला आली तेव्हा काय झालं बघा. नाव तेच, पत्ता बदलला, घरही बदललं. ज्यांच्या वहीत नवा पत्ता होता त्यांच्या पत्रिका पोचल्या आणि ज्यांच्या वहीत जुना होता त्यांचं लग्न तिला दुसऱ्यांकडून कळलं. घर शाबूत, माणूस शाबूत, पण वहीतली ओळ चुकली की संपर्क संपला.

व्हर्जिनियात नेमकं हेच झालं. ॲमेझॉनच्या एका डेटाबेस, म्हणजे माहिती साठवून ठेवणाऱ्या, सेवेची यंत्रं जागेवर होती, पण नामवहीतली तिची नोंद आपोआप अद्ययावत करणाऱ्या दोन प्रोग्रामांचे पाय एकमेकांत अडकले आणि नावापुढचा पत्ता कोरा झाला. त्या सेवेवर दुसऱ्या सेवा उभ्या होत्या, त्यांच्यावर तिसऱ्या. मूळ चूक तीनेक तासांत दुरुस्त झाली, पण खोळंबलेली कामं उपसून सगळं रुळावर यायला पंधरा तासांच्या आसपास लागले. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा जीव एका ओळीत अडकलेला असावा याचं काकांना फार नवल वाटलं. मला आता वाटत नाही. आमच्या घरी ती ओळ मीच दोनदा चुकवलीय.

नामवहीतलं नाव विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतं. डॉट इन नाव साधारण हजार रुपयांच्या आत पडतं. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, पुढच्या वर्षीचा भाव आधी विचारा. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' नावंही मिळतात, म्हणजे मराठीत नाव टाकून मराठी साइट उघडता येते. पडद्यामागे यंत्र त्याचं रोमन अक्षरांत विचित्र रूपांतर करून घेतं, ते आपल्याला दिसायचं कारण नाही. मी दोन्ही नावं घेतली. बायकांना देवनागरी आवडलं, पण एकीचं 'भजनं', दुसरीचं 'भजने' आणि तिसरीचं 'भजन' टाइप व्हायला लागलं तेव्हा डॉट इन घेतल्याचं बरं वाटलं.

नाव आपल्या मालकीचं असेल तर मागचं घर कितीही वेळा बदला, लोकांना पत्ता लागत नाही, कारण त्यांना नावच पुरतं. आज लॅपटॉप, उद्या भाड्याचं मशीन, परवा भाच्याच्या घरी. वहीतली एक ओळ बदलली की झालं.

घरी वाजतं, देवळात वाजत नाही

पहिल्या आठवड्यातला प्रसंग. घरी सगळं झकास चाललं होतं. आत्याने फोनवर पान उघडलं, 'रूप पाहता लोचनी'वर बोट ठेवलं, वाजलं. ती खुशीत विठ्ठलाच्या देवळात गेली आणि तिथून तिचा फोन आला: "अरे, इथे काही वाजून राहिलं नाही. नुसतं चाक फिरून राहिलंय. आणि या सगळ्या माझ्या तोंडाकडे बघून राहिल्या."

घरचा सर्व्हर करणारा प्रत्येक जण या चाकापाशी येऊन अडकतो, म्हणून इथे जरा थांबू या.

राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतले जुने वाडे डोळ्यांपुढे आणा. वाड्याला नंबर एक, आत बिऱ्हाडं आठ. पोस्टमनला वाड्याचा नंबर ठाऊक, पण माडीवर कोण आणि परसातल्या खोलीत कोण हे त्याच्या वहीत नाही. दिंडी दरवाजात वाड्याचे आजोबा बसलेले. माडीवरच्या वहिनींनी नागपूरला पत्र टाकलं की आजोबा मनात नोंद ठेवणार. नागपूरहून उत्तर आलं की "हं, हे माडीवरचं" म्हणून वर देणार. पण कोणी आगापीछा नसलेलं, फक्त वाड्याचा नंबर लिहिलेलं पत्र आलं तर? कोणाचं म्हणून द्यायचं? परत पाठवणार.

तुमच्या घरातला वायफायचा राउटर म्हणजे हे आजोबा. घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप ही बिऱ्हाडं. प्रत्येकाला घरापुरता एक आतला नंबर असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे आकडे खासगी वापरासाठी मुद्दाम राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरी आणि माझ्या घरीही १९२.१६८.१.५ असू शकतो, जसं प्रत्येक वाड्यात 'माडीवरचे' असतात. आत्या घरी होती तेव्हा ती वाड्याच्या आतच होती, चौकातून हाक मारली तरी पुरे. देवळातून ती मोबाईलच्या डेटावर आली, म्हणजे रस्त्यावरून आली, आणि आजोबांनी तिला ओळखलं नाही.

यावर पुस्तकी उपाय आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये सांगून ठेवायचं की बाहेरून अमुक दाराशी कोणी आलं तर परसातल्या खोलीत पाठवा. प्रत्येक यंत्राला अशी हजारो क्रमांकांची दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. कुलूपवाल्या, म्हणजे https ने सुरू होणाऱ्या, वेब पानांचं नेहमीचं दार ४४३ नंबरचं. मी ते सांगून ठेवलं. रामनवमीच्या आदल्या तीन संध्याकाळी त्यात घालवल्या. चाक फिरतच राहिलं.

कारण आमचा वाडाही कोणाच्या तरी वाड्यात होता.

अख्ख्या आळीला एकच नंबर

आकडी पत्त्यांची जुनी पद्धत अशी आहे की तिच्यात सुमारे ४२९ कोटीच पत्ते बसतात. ही रचना झाली तेव्हा तो आकडा अफाट वाटला असणार. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून झाले आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याची मोकळी शिल्लक त्याच एप्रिलमध्ये संपत आली. भारतात घरोघर फायबर आलं ते त्यानंतर. गिऱ्हाइकं कोटींत आणि पत्ते मोजके, तेव्हा इंटरनेट कंपन्यांनी वाड्याची युक्तीच पुन्हा वापरली. अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता. अख्खी आळी एका नंबरवर आणि आळीच्या तोंडाशी आणखी एक आजोबा. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात.

आता तुमच्या घरच्या आजोबांना तुम्ही कितीही समजावा, पत्र आळीच्या तोंडावरूनच परत जातंय. तिथले आजोबा कंपनीचे, ते तुमचं ऐकत नाहीत. रोजच्या वापरात याचा पत्ताही लागत नाही, कारण आपण नेहमी आतून बाहेर जातो. व्हिडिओ बघतो, पैसे पाठवतो, आणि उत्तर आपल्या मागे येतं. बाहेरच्याने आधी हाक मारायची वेळ आली की भिंत दिसते.

तुम्ही आळीत आहात का, हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो. मग एखाद्या साइटला 'माझा आयपी काय' म्हणून विचारा. दोन्ही आकडे जुळले तर तुम्ही नशीबवान. जुळले नाहीत, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान कुठेतरी सुरू होत असेल, तर आळी. तो पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलाय. मला हे तीन संध्याकाळींनंतर कळलं. तुम्ही पहिल्या संध्याकाळी बघा.

मग वाट कशी काढायची?

सरळ वाट म्हणजे कंपनीकडून स्थिर आणि स्वतंत्र पत्ता मागणे. त्याचे वेगळे पैसे पडतात. घरगुती योजनेत सर्व्हर चालवायला परवानगी आहे का, हे अटींत वाचून घ्या.

दुसरी वाट नव्या पद्धतीच्या पत्त्यांची, आयपीव्ही६ ची. तिच्यात पत्त्यांची संख्या लिहायला ३९ अंक लागतात, म्हणजे पापडाच्या डब्यांनाही वेगवेगळे पत्ते देता येतील. भारत ही पद्धत स्वीकारण्यात जगात आघाडीवर आहे, आणि तुमच्या फोनला बहुधा असा पत्ता आत्ताही असेल. पण ऐकणाऱ्या प्रत्येकीकडे तो असायला हवा, आणि मंडळातल्या दोघींच्या घरी नव्हता. दोन बायकांना वगळून भजन होत नाही.

तिसरी वाट मी धरली, बोगद्याची. आजोबा आतून गेलेल्याचं उत्तर आत येऊ देतात ना? मग लॅपटॉपनेच बाहेरच्या एका भाड्याच्या यंत्राला फोन लावायचा आणि ठेवायचाच नाही. ओळ सतत चालू. लोक त्या बाहेरच्या यंत्राच्या नावावर येतात आणि ते चालू असलेल्या ओळीवरून निरोप आत सांगतं: "रूप पाहता मागतायत." लॅपटॉप त्याच ओळीवरून वाढतो. आळीतल्या आजोबांच्या लेखी हे एक लांबलेलं संभाषण आहे, त्यांची काही तक्रार नाही. यासाठी मी वायरगार्ड नावाचा प्रोग्राम वापरतो. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. बाहेरचं यंत्र सगळ्यात लहान आकाराचं पुरतं, महिन्याला चार-पाचशे रुपयांपासून मिळतं. बोगदा आयता देणाऱ्या सेवाही आहेत, काही फुकट. त्यात खोच ही की मग तुमचं दार त्यांच्या दारावर अवलंबून. १८ नोव्हेंबर २०२५ ला अशीच सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या यंत्रणेत एक फाइल बेसुमार फुगली आणि काही तास तिच्यामागे उभ्या असलेल्या असंख्य साइट उघडेनात. स्वतःच्या घरी, स्वतःच्या विजेवर चालणारी साइटसुद्धा तिच्या आड असेल तर त्या दिवशी तिचं काही चाललं नाही.

काकांनी इथे मला बरोबर पकडलं. "म्हणजे शेवटी भाड्याचं मशीन आलंच की!" आलं. पण त्यावर माझं काही ठेवलेलं नाही. तो नुसता निरोप्या आहे. उद्या त्याने भाव वाढवला तर दुसरा निरोप्या बघीन, नामवहीत ओळ बदलीन, आणि आत्याला कळणारही नाही.

एकाच फडताळात दोन दुकानं

सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं असतात आणि रात्री त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी. जागा एक, धंदे दोन, आणि गिऱ्हाईक कशासाठी आलंय ते त्याच्या मागणीवरून कळतं. सर्व्हरचंही असंच. माझ्या लॅपटॉपवर भजनांची साइट आहे, गच्चीवर मी मोजतो त्या पावसाची एक साइट आहे आणि घरातल्यांपुरता फोटोंचा संग्रह आहे. येणाऱ्याने कोणतं नाव घेतलं ते बघून लॅपटॉप योग्य ओट्यावर पाठवतो.

एवढ्या कामाला यंत्र पुरतं का? हिशोब करा. भजनं मी सेकंदाला १२८ किलोबिट या दर्जाने ठेवलीत. तासाची कॅसेट ५८ एमबीच्या आसपास होते आणि चौदा कॅसेटी मिळून एक जीबीसुद्धा नाही. दहा बायका एकाच वेळी ऐकायला लागल्या तरी घरातून सेकंदाला दीड मेगाबिटही बाहेर जात नाही. फायबर त्याच्या कितीतरी पट देतं. मात्र इथे डाउनलोड नाही तर अपलोडचा वेग बघायचा, कारण वाढप घरातून बाहेर चाललंय.

चोर शिरणार नाहीत का?

खटखट करणारच. ही भीती खोटी नाही आणि मी ती कमी करून सांगणार नाही. बोगद्याआधी एक महिना मी स्थिर पत्ता घेऊन बघितला होता, आणि दुरून लॉगिन करण्याचं दार कुतूहलापोटी उघडं ठेवलं. सकाळी चहा घेताना नोंदी उघडल्या तर रात्रभरात शेकडो प्रयत्न. 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट', 'पाय' अशी नावं घेऊन कोणी तरी, म्हणजे कोणाचे तरी प्रोग्राम, ओळीने पासवर्ड टाकून बघत होते. माझ्यावर कोणाचा दात नव्हता. ते इंटरनेटवरची सगळी दारं ओळीने हलवून बघतात. कुलूप नसेल तिथे शिरतात.

म्हणून मी तीन गोष्टी केल्या. दुरून लॉगिन फक्त बोगद्यातून, आणि तेही पासवर्डने नाही तर डिजिटल किल्लीने. सुधारणा आपोआप बसतील अशी सोय. आणि साइट अगदी साधी ठेवली: तयार पानं आणि गाण्यांच्या फाइली, लॉगिन नाही, डेटाबेस नाही. ज्या घरात तिजोरीच नाही तिथे तिजोरी फोडता येत नाही. https च्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट देते. त्याची मुदत ९० दिवस, पण नूतनीकरण यंत्र स्वतः करतं. घरच्यांचे फोटो मात्र जगासाठी उघडलेलेच नाहीत. ते बघायला फोनवरही बोगदा लागतो.

वीज, मे महिना आणि फुगलेली बॅटरी

झाकण मिटलेला माझा लॅपटॉप साधारण १२ वॉट खातो. महिन्याचे साडेआठ-नऊ युनिट. सात रुपये दर धरला तर साठ रुपये, म्हणजे सकाळच्या एकाच्या पोहे-जिलबीइतके. जुना डेस्कटॉप ६० वॉट खाईल आणि बिल पाचपट होईल, तेव्हा तो मोह टाळा. रास्पबेरी पायसारखा हाताएवढा कॉम्प्युटर पाच वॉटच्या आसपास भागवतो, पण मेमरी कार्डावर चालवला आणि वीज धाडकन गेली की कार्ड दगा देतं.

खरा त्रास मला उष्म्याने दिला. दुसऱ्या मे महिन्यात एक दिवस लॅपटॉप खणात सपाट बसेना. एक कोपरा उचललेला, टचपॅड वर आलेलं. मला वाटलं फळी फुगली. फुगली होती बॅटरी. सतत चार्जरला लावलेली, वर बंद फडताळ आणि बाहेर चाळीसच्या पुढचा पारा. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, लगेच काढवून ई-कचऱ्यात द्यायची. त्या दिवशी मी देवाला हात जोडले, कारण वरच्याच खणात कागदी पत्रिका होत्या. तेव्हापासून फडताळाचं दार जाळीचं आहे, लॅपटॉप बॅटरीशिवाय चालतो आणि वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर तगतो. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, नाहीतर सर्व्हर चालू आणि रस्ता बंद अशी गंमत होते. तुमच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६०-८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी वापरा.

फुकट मिळतंय ते सोडून हे कशाला?

भाचीचा प्रश्न. चौदा कॅसेटी यूट्यूबवर टाकल्या असत्या तर अर्ध्या दिवसात काम झालं असतं, हे खरंच. ज्याला फक्त ऐकवायचं आहे त्याने तेच करावं. घरचा सर्व्हर स्वस्त पडतो असं मी म्हणणार नाही. माझ्या संध्याकाळींचे पैसे धरले तर तो महागच आहे. आणि काही गोष्टी घरी करूच नयेत. ईमेल त्यातली पहिली. घरगुती जोडणीवरून आलेली पत्रं मोठ्या सेवा संशयाने बघतात, तुमचं उत्तर समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं आणि तुम्हाला कळतही नाही. मी करून बघितलं, हात पोळले, सोडलं.

पण दुसरी बाजूही बघा. ऑर्कुट आठवतं? आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं निम्मं आयुष्य तिथे होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. गूगल फोटोजवर अमर्याद फुकट साठवण होती, १ जून २०२१ पासून ती १५ जीबीच्या हिशोबात मोजली जायला लागली. यात फसवणूक कोणी केली नाही. जागा त्यांची होती, नियम त्यांचे होते. आत्याच्या मंडळातल्या पाच जणी त्या कॅसेटींत आहेत आणि आता नाहीत. ते आवाज कोणाच्या धोरणबदलाच्या भरवशावर ठेवायला माझं मन घेत नाही.

अर्थात फडताळाचा तरी काय भरवसा? डिस्क कधी ना कधी जाणारच. म्हणून प्रती तीन: लॅपटॉपमध्ये एक, घरातल्या वेगळ्या डिस्कवर एक, आणि एक देवासला बहिणीकडे, जी मी दर दोन महिन्यांनी चहाच्या निमित्ताने बदलून आणतो. घरात चोरी झाली, आग लागली तरी देवासची प्रत शाबूत. आणि प्रत घेतली एवढ्यावर खूश होऊ नका, ती उघडून वाजवून बघा. माझी पहिली प्रत सहा महिने नियमित होत होती आणि तिच्यात फाइलींची नुसती नावं होती.

मी नसलो तर?

हा प्रश्न बायकोने विचारला, आणि मला सगळ्यात उशिरा सुचलेला प्रश्न हाच. फडताळाच्या दाराला आतून एक कागद लावलाय. त्यावर मराठीत, तिला कळेल असं: लॅपटॉप बंद करून चालू कसा करायचा, नाव कुठून घेतलंय, निरोप्याचं बिल कोणत्या कार्डावर जातं, पासवर्डांची वही कुठल्या कपाटात आहे, आणि वैताग आला तर देवासची डिस्क आणून गाणी पेनड्राइव्हवर घालून सगळ्यांना वाटून टाकायची, मग सर्व्हर खुशाल बंद.

नावाच्या मुदतीची तारीख त्या कागदावर लाल शाईने लिहिली आहे. नाव मी आषाढी एकादशीला घेतलं होतं आणि पुढच्याही आषाढीला भरू असं मनात ठरवलं. पण नामवही इंग्रजी तारखेने चालते, आणि मध्ये अधिक महिना आल्याने पुढल्या वर्षी आषाढी लांबली. तीन दिवस नाव बंद होतं, देवळात पुन्हा चाक. मुदत संपल्यावरही काही दिवसांची सवलत असते म्हणून वाचलं, नाहीतर ते दुसऱ्या कोणी उचललं असतं. यंदा मी जास्तीत जास्त भरता येतात तेवढे, दहा वर्षांचे पैसे एकदम भरून टाकले.

आत्याला सांगितलं. ती चष्मा पुसत म्हणाली, "दहा? मग माळ्यावर अजून एक खोका आहे कॅसेटींचा. तोही काढ."